कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कशा मोजतात? डॉ. ज्युडा फोकमन यांची गोष्ट



फोनचा कॅमेरा सुरू केला की समोरच्याच्या चेहऱ्याभोवती लगेच चौकट येते. कागदाचा फोटो काढला की स्कॅनर ॲप त्याच्या कडा ओळखून पान सरळ करून देतं. दोन्हीकडे काम एकच आहे: फोटोतल्या लाखो ठिपक्यांमधून आपल्याला हवी ती वस्तू वेगळी काढायची. आता हेच काम तोंडाच्या कॅन्सरच्या एका छोट्या तुकड्याच्या फोटोवर करायचं ठरवलं तर? त्या तुकड्यात रक्तवाहिन्या किती दाट झाल्या आहेत, हे कॉम्प्युटर मोजून देऊ शकतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी याच विषयावर प्रोजेक्ट केला होता. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती पुढे सांगतोच. पण त्या चुकीमुळे मी एका माणसाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. कॅन्सरच्या गाठीला वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे आज अकरावी-बारावीचा विद्यार्थीसुद्धा सांगेल. पण हेच म्हणण्यासाठी या माणसाला कितीतरी वर्षं टीका झेलावी लागली. त्यांचं नाव डॉ. ज्युडा फोकमन. आज त्यांचीच गोष्ट सांगतो, आणि सांगता सांगता मोजणी कशी होते तेही समजावून देतो.

आधी मूळ मुद्दा: गाठीला रक्त कशाला हवं?

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी ऑक्सिजनवर जगतात आणि तो रक्तातून येतो. केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब असलेल्या पेशीपर्यंत ऑक्सिजन नीट पोहोचत नाही. नळापासून लांबच्या घरात पाण्याला प्रेशर नसतं ना, तसंच.

आता समजा, तोंडाच्या आतल्या अस्तरात एक पेशी बिघडली आणि वेड्यासारखी वाढायला लागली. एकाच्या दोन, दोनाच्या चार. गाठ साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटरची झाली की मधल्या पेशी उपाशी मरायला लागतात. पुढे वाढायचं असेल तर गाठीला नव्या पाइपलाइनची गरज पडते. मग ती काही रसायनं सोडते. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटतात आणि त्या गाठीच्या दिशेनं वाढत येतात. याला म्हणतात अँजिओजेनेसिस.

या पाइपलाइनचे दोन परिणाम होतात. गाठीला खायला मिळतं, आणि कॅन्सरच्या पेशींना शरीरात दुसरीकडे जायला रस्ताही मिळतो. म्हणून डॉक्टरांना रक्तवाहिन्यांची दाटी किती, हे जाणून घ्यायचं असतं.

क्लीव्हलँडच्या रब्बायचा मुलगा

फोकमन यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९३३ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात झाला. वडील ज्यूंचे धर्मगुरू, म्हणजे रब्बाय. आजारी माणसांना धीर द्यायला ते हॉस्पिटलमध्ये जायचे, तेव्हा लहानग्या ज्युडालाही सोबत न्यायचे. वडील बाहेर उभं राहून प्रार्थना करतात, पण डॉक्टर मात्र थेट पेशंटवर काहीतरी उपाय करतात, हे त्या पोरानं बघितलं. आपण रब्बाय होणार नाही, डॉक्टर होणार, असं त्यानं घरी सांगून टाकलं. वडिलांनी हरकत घेतली नाही. फक्त डॉक्टर झालास तरी रब्बायसारखा हो, एवढी अपेक्षा ठेवली. ही गोष्ट फोकमन पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

१९५३ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी आणि १९५७ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधून डॉक्टरकी. विद्यार्थी असतानाच त्यांनी शरीरात बसवता येईल अशा पेसमेकरवर काम केलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्टरांमधला इंजिनिअर. नुसतं वाचून समाधान न होता काहीतरी बनवून बघायचं, ही खोड पहिल्यापासूनच.

नौदलातला तो प्रयोग

सर्जरीचं शिक्षण चालू असतानाच १९६० मध्ये त्यांना अमेरिकेच्या नौदलात सेवेसाठी जावं लागलं. बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांच्याकडे काम आलं ते असं: विमानवाहू जहाजं महिनोन्‌महिने समुद्रात असतात आणि तिथे रक्त फार काळ टिकत नाही, तर रक्ताऐवजी वापरता येईल असा द्रव बनवता येतो का ते बघा.

फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी हिमोग्लोबिनचं द्रावण तयार केलं. ते चालतंय का हे तपासायला त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्या रक्तवाहिन्यांतून हे द्रावण फिरवत ठेवलं. ग्रंथी जिवंत राहिली. मग त्यात नवीन पेशी वाढू शकतील का, हे बघायला त्यांनी कॅन्सरच्या पेशी टाकल्या. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी म्हणजे कॅन्सरच्या, इतका साधा विचार होता.

गाठी वाढल्या, पण टाचणीच्या डोक्याएवढ्या होऊन तिथेच थांबल्या. सगळ्या जवळपास एकाच आकारावर. बरं, मेल्या म्हणावं तर तसंही नाही. त्याच गाठी काढून जिवंत उंदरात घातल्या तर भराभर वाढून मोठ्या झाल्या.

दोन्ही ठिकाणी पेशी त्याच होत्या. मग फरक कुठे पडला? उंदराच्या शरीरात गाठींमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, काचेतल्या ग्रंथीत मात्र त्या उगवल्याच नव्हत्या. गाठीची वाढ तिच्या रक्तपुरवठ्यावर अडते, हा विचार इथे सुरू झाला. प्रयोगाचा अहवाल १९६३ मध्ये छापून आला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

हॉल रिकामा व्हायचा

१९६७ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, फोकमन बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. दिवसा लहान मुलांची ऑपरेशनं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. नोव्हेंबर १९७१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा लेख आला. त्यात तीन गोष्टी मांडल्या होत्या. नव्या रक्तवाहिन्यांशिवाय गाठ काही मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही. त्या रक्तवाहिन्या गाठ स्वतःच रसायन सोडून बोलावते. आणि ते रसायन अडवलं तर गाठ अडवता येईल.

तज्ज्ञांना हे पटलं नाही. गाठीभोवती दिसणाऱ्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसती सूज आहे, मरणाऱ्या पेशींमुळे येते तशी, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या सर्जननं प्रयोगशाळेत कशाला लुडबुड करावी, असाही सूर होता. संशोधनासाठी पैसे मागितले की अर्ज परत यायचे. परिषदेत फोकमन बोलायला उठले की लोक उठून बाहेर जायचे.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. टीका करणारे बहुतेक जण कॅन्सर बघायचे तो काचेच्या स्लाइडवर. शरीरातून काढलेला, धुतलेला, मेणात बसवून कापलेला तुकडा. त्यातलं रक्त केव्हाच निघून गेलेलं. फोकमन सर्जन होते. त्यांनी गाठी हातात धरल्या होत्या. जिवंत माणसातली गाठ गरम असते, लालबुंद असते आणि कापताना भळाभळा रक्त येतं, हे त्यांना डोळ्यांनी माहीत होतं. पण सर्जननं बघितलं म्हणून शास्त्र मानत नाही. मोजून दाखवावं लागतं. रक्तवाहिन्या मोजायच्या कशा?

सशाचा डोळा झाला मोजपट्टी

उपाय त्यांना डोळ्यात सापडला. डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, त्यात रक्तवाहिन्याच नसतात. असत्या तर आपल्याला सगळं धूसर दिसलं असतं. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकल गिंब्रोन या तरुण डॉक्टरबरोबर त्यांनी सशाच्या कॉर्नियात गाठीचा बारीक कण ठेवून बघितला.

काही दिवसांत बाजूच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटल्या आणि त्या सरळ त्या कणाकडे चालत आल्या. पारदर्शक पडदा असल्यामुळे रोज त्यांची लांबी मोजता येत होती. आणि तसाच कण डोळ्यातल्या पाण्यात, रक्तवाहिन्यांपासून दूर, तरंगत ठेवला तर? तो जिवंत राहायचा, पण छोटाच राहायचा. नौदलातल्या काचेच्या भांड्यात दिसलं तेच इथे पुन्हा दिसलं, पण यावेळी हातात आकडे होते.

याच मोजपट्टीवर पुढे अडवणारी द्रव्यं शोधली गेली. रॉबर्ट लँगर नावाचा केमिकल इंजिनिअर १९७४ मध्ये त्यांच्याकडे आला. कूर्चेत, म्हणजे कुरकुरीत हाडात, रक्तवाहिन्या नसतात, तर तिच्यात काहीतरी अडवणारं असेल, या विचारानं त्यानं कत्तलखान्यातून गुरांची हाडं आणून त्यातून अर्क काढला. सशाच्या डोळ्यात त्या अर्कामुळे रक्तवाहिन्यांची वाढ मंदावलेली मोजून दिसली. तो निबंध १९७६ मध्ये सायन्समध्ये आला.

१९८१ मध्ये फोकमन यांनी मुख्य सर्जनचं पद सोडलं आणि पूर्ण वेळ प्रयोगशाळेला दिला. ज्या कामात हात बसला होता, मान होता, ते सोडून ज्यावर लोक हसत होते ते धरलं. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक शेवटी निकालच ठरवतो, असं ते म्हणायचे. दोनच वर्षांत मायकल क्लॅग्सब्रुन आणि युएन शिंग या त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती रक्तवाहिन्या वाढवणारा एक प्रथिनाचा रेणू शुद्ध रूपात आला. त्यानंतर मात्र हॉल भरायला लागले.

१९९१: स्लाइडवर मोजायची रीत

सशाच्या डोळ्यात मोजलं, ठीक आहे. पण माणसाच्या कॅन्सरचं काय? माणसाची तर बायोप्सीच असते, म्हणजे तीच काचेची स्लाइड.

पॅथॉलॉजिस्ट नोएल वाइडनर आणि फोकमन यांनी यासाठी एक रीत बसवली आणि १९९१ मध्ये छापली. तिची पावलं सोपी आहेत. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटणारं एक रसायन लावून त्यांना तपकिरी रंग द्यायचा. मग कमी झूमवर सगळी स्लाइड फिरून बघायची आणि जिथे तपकिरी ठिपक्यांची सर्वात जास्त गर्दी आहे ती जागा शोधायची. हिला हॉट स्पॉट म्हणतात. तिथे २०० पट मोठं करून एका दृश्यात किती रक्तवाहिन्या आहेत ते मोजायचं. वेगळा दिसणारा प्रत्येक तपकिरी ठिपका किंवा पुंजका म्हणजे एक.

त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ४९ रुग्णांच्या स्लाइड मोजल्या. ज्यांचा कॅन्सर शरीरात पसरला होता त्यांच्यात सरासरी १०१ रक्तवाहिन्या निघाल्या. ज्यांचा पसरला नव्हता त्यांच्यात ४५. ज्या धुतलेल्या, रक्त नसलेल्या स्लाइड बघून लोक फोकमनना खोटं ठरवत होते, त्याच स्लाइडवर आता त्यांचा पुरावा होता.

त्यानंतर जगभर मोजणीची लाटच आली. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट आणि अर्थात तोंडाचा कॅन्सर.

कॉम्प्युटर हे कसं मोजतो?

डोळ्यांनी मोजण्यात अडचणी आहेत. माणूस थकतो. एकाला हॉट स्पॉट इथे दिसतो, दुसऱ्याला तिथे. म्हणून स्लाइडचा डिजिटल फोटो काढून सॉफ्टवेअरनं मोजायला सुरुवात झाली. यासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे इमेजजे. ते फुकट आहे, आणि ते वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, बेथेस्डालाच लिहिलं. फोकमननी जिथे तो काचेच्या भांड्याचा प्रयोग केला, ते नौदलाचं केंद्र रस्त्याच्या पलीकडे आहे!

आता पावलं बघूया:

१. माप ठरवणं: एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे आधी सांगायचं. हे विसरलात तर पुढचे सगळे आकडे निरर्थक.

२. रंग वेगळे करणं: स्लाइडवर दोन रंग असतात. पेशींची केंद्रकं निळी आणि रक्तवाहिन्या तपकिरी. दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले असतात. कोणता रंग लाल, हिरवा, निळा प्रकाश किती शोषतो हे माहीत असेल तर गणितानं दोन वेगळे फोटो करता येतात. ही पद्धत रुइफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडली.

३. थ्रेशोल्ड लावणं: तपकिरीचा फोटो आता ब्लॅक अँड व्हाइटसारखा झाला. प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा. अमुक आकड्याच्या अलीकडचं सगळं रक्तवाहिनी आणि पलीकडचं सगळं बाकी, अशी रेघ मारायची. ही रेघ हातानं मारता येते किंवा जपानच्या ओत्सु यांच्या १९७९ च्या सूत्रासारख्या पद्धतीनं आपोआप.

४. कचरा काढणं: धुळीएवढे ठिपके रक्तवाहिनी नसतात, म्हणून अमुक आकारापेक्षा लहान ते सगळं पुसायचं.

५. मोजणं: राहिलेल्या तुकड्यांची संख्या, त्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ किती टक्के, घेर किती, असे आकडे काढायचे.

पाच पावलं, बटण दाबलं की उत्तर. मलाही तसंच वाटलं होतं.

माझी चूक

आमच्या प्रोजेक्टला एका डेंटल कॉलेजमधून स्लाइडचे फोटो मिळाले होते. नाव-गाव काही नाही, फक्त नंबर. दोन फोल्डर होते: एकात निरोगी अस्तर, दुसऱ्यात कॅन्सर. मी स्क्रिप्ट लिहिली, आणि थ्रेशोल्डसाठी एक स्लाइडर ठेवला.

स्लाइडर जरा इकडे केला की दोन्ही गटांत फारसा फरक दिसेना. जरा तिकडे केला की कॅन्सरचा आकडा झकास वर जायचा. उत्तर काय यायला हवं हे तर मला माहीतच होतं. मग ज्या जागी आलेख सर्वात छान दिसला, तिथे मी स्लाइडर थांबवला. वर हॉट स्पॉटही मीच निवडले होते, फोल्डरचं नाव डोळ्यासमोर ठेवून. खरं सांगू? मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. फोटो एडिट करताना ब्राइटनेस हलवतो तसंच वाटलं.

प्रेझेंटेशनच्या आधी तिथल्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे फार बघितलं नाही. एक फोटो झूम करायला सांगितला आणि माझ्या सॉफ्टवेअरनं रक्तवाहिनी म्हणून रंगवलेल्या जागा एकेक करून दाखवल्या. काही ठिकाणी तांबड्या पेशींचा पुंजका होता, तो रंग लावताना स्वतःच तपकिरी होतो. काही ठिकाणी तुकड्याची घडी पडलेली. एक लांब वाकडी रक्तवाहिनी दोन जागी कापली गेली म्हणून दोन मोजली होती.

मग त्यांनी सगळ्या फाइलींची नावं बदलली, यादी स्वतःकडे ठेवली आणि पुन्हा मोजायला सांगितलं. थ्रेशोल्ड आधी ठरवायचा आणि मग हलवायचा नाही. यावेळी फरक उरला, पण बराच लहान. दोन स्लाइड तर उलट्या बाजूला गेल्या.

मला फार वाईट वाटलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. उद्या असा आकडा बघून एखाद्या पेशंटला जास्त औषध द्यायचं की नाही हे ठरलं तर, एवढंच विचारलं. मी प्रेझेंटेशनमध्ये दुसरा आलेख दाखवला, आणि पहिला का चुकला तेही सांगितलं. मार्क थोडे कमी पडले.

फोकमन यांच्याबद्दल मी वाचायला लागलो ते त्यानंतर. या माणसाला लोक वर्षानुवर्षं खोटं ठरवत होते. पटकन छान दिसणारा आकडा दाखवायचा मोह त्यांना माझ्यापेक्षा किती जास्त झाला असेल! पण त्यांची मोजपट्टी सगळ्यांना बघता येईल अशी होती. पारदर्शक डोळा. कुणीही यावं आणि मोजून जावं.

१९९८ चा तो रविवार

१९९४ मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेत मायकल ओ'रायली यांना अँजिओस्टॅटिन हे रक्तवाहिन्या अडवणारं प्रथिन सापडलं आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन. उंदरांमधल्या गाठी याने आटल्या. ३ मे १९९८, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी झळकली आणि त्यात कॅन्सर लवकरच हरणार असा सूर होता. हे औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर सोमवारी एका दिवसात कित्येक पट वर गेला. जगभरातून पेशंट आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. फोकमन मात्र सांगत राहिले की हा परिणाम उंदरांमध्ये दिसलाय, माणसांमध्ये अजून नाही.

त्यांचं सांगणं बरोबर निघालं. अमेरिकेतल्या माणसांवरच्या चाचण्यांत एंडोस्टॅटिननं तशी जादू केली नाही. आता व्हॉट्सॲपवर कॅन्सरचा रामबाण इलाज म्हणून फॉरवर्ड आला की मला हा रविवार आठवतो.

पण मूळ कल्पना टिकली. २००४ मध्ये बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. गाठ रक्तवाहिन्या बोलावण्यासाठी जे रसायन सोडते, त्यातलं एक हे औषध पकडून ठेवतं. त्याच जातीची इंजेक्शनं आज डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या तर देतात. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या डायबिटीसच्या आजी-आजोबांनाही दिलं असेल.

१४ जानेवारी २००८ रोजी व्हँकूव्हरच्या परिषदेला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराच्या झटक्यानं फोकमन गेले. वय ७४. भाषण द्यायलाच निघाले होते.

मुंबईपर्यंतचा धागा

फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून २००० साली आणखी एक कल्पना पुढे आली होती. केमोथेरपी एकदम मोठ्या डोसमध्ये देऊन मग आठवडे थांबण्याऐवजी, लहान डोस लवकर लवकर दिला तर गाठीच्या रक्तवाहिन्यांना सावरायला वेळच मिळत नाही, असं उंदरांत दिसलं. याला मेट्रोनॉमिक पद्धत म्हणतात.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं या पद्धतीवर मोठी चाचणी केली. तोंड-घशाचा कॅन्सर बराच पुढे गेलेल्या ४२२ रुग्णांमध्ये, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या विरुद्ध सलाईनमधून दिलं जाणारं सिसप्लॅटिन. निकाल २०२० मध्ये आला. गोळ्या घेणारे मध्यमानानं ७.५ महिने जगले, सिसप्लॅटिनवाले ६.१ महिने. आकडा छोटा आहे. पण घरी बसून घेता येणाऱ्या स्वस्त गोळ्या महागड्या सलाईनपेक्षा कमी पडल्या नाहीत, हे गावाहून परळला येणाऱ्या माणसासाठी फार मोठं आहे.

मग तोंडाच्या कॅन्सरमध्ये मोजणीचा उपयोग किती?

इथे सरळ सांगतो. निरोगी अस्तर, मग कॅन्सरपूर्व चट्टा, मग कॅन्सर, या क्रमानं रक्तवाहिन्यांची दाटी वाढत जाते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण दाटी बघून या पेशंटचं पुढे काय होईल हे सांगता येतं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. कारण कुणी एक रंग वापरतो, कुणी दुसरा. कुणी हॉट स्पॉट मोजतो, कुणी सगळी स्लाइड. थ्रेशोल्ड प्रत्येकाचा वेगळा. माझ्या स्लाइडरची गोष्ट आठवा.

दुसरं म्हणजे, स्लाइड हा एक फोटो आहे, व्हिडिओ नाही. रक्तवाहिन्या किती दाट आहेत ते तो दाखवतो. त्या किती वेगानं वाढतायत हे त्यावरून थेट कळत नाही. आणि दाटी मोजली म्हणून रक्तवाहिन्या अडवणारं औषध लागू पडेलच असंही नाही. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत बेव्हासिझुमॅब देऊन बघितलं, तेव्हा आयुष्य ठळकपणे वाढलं नाही आणि रक्तस्रावाचा त्रास मात्र वाढला.

म्हणजे काम संपलेलं नाही. आज सगळी स्लाइड स्कॅन करून एआयकडून मोजून घेता येते. पण त्या एआयला शिकवताना बरोबर काय हे कुणीतरी माणूसच दाखवतो. त्यानं आधी उत्तर बघून ठिपके रंगवले, तर मशीन तीच चूक लाखो वेळा करेल. तुमच्यापैकी कुणी कोडिंग शिकत असाल आणि अशा प्रोजेक्टमध्ये पडलात, तर फाइलींची नावं आधी झाका आणि थ्रेशोल्ड आधी ठरवा.

आणि जे कोडिंग शिकत नाहीत त्यांच्यासाठी एक काम. भारतात दरवर्षी एक लाखाहून जास्त लोकांना तोंडाचा कॅन्सर होतो, आणि त्यात तंबाखू आणि सुपारीचा हात सर्वात मोठा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी खर्रा, मिश्री, मावा कुठे मिळतो हे तुम्हाला माहीतच आहे. आज रात्री आरशासमोर उभे राहा, फोनचा टॉर्च लावा, आणि गाल, जीभ, जिभेखालची जागा नीट बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर डेंटिस्टकडे जा. घरात कुणी तंबाखू खात असेल तर त्यांचंही तोंड बघा. फोटो काढून एखाद्या ॲपला विचारत बसू नका, तुकडा तपासल्याशिवाय नक्की कळत नाही.

त्या वेळी गाठ टाचणीच्या डोक्याएवढी असेल, तर तिची पाइपलाइन अजून यायची असेल. सर्जनचं काम तेव्हा सर्वात सोपं असतं.